'झोपेतच गेले': आजोबांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांच्या मुलीला घरातून मिळालेल्या आधाराचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

ज्या मुलीविषयी हे लिहीत आहे ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी चौथीत शिकत होती. कुटुंबाच्या संमतीने लिहिताना ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या आधी झाली यालाच महत्त्व आहे. मी त्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून जात असे.

घरात आई, वडील, आजी, आजोबा आणि ही एकुलती एक मुलगी. वडील एसटीत वाहक असून आठवड्यातून दोन-तीन रात्री त्यांची मुक्कामाची गाडी असे. आई घरी शिवणकाम करी. आजोबा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले, हृदयविकाराच्या गोळ्या चालू असलेले, पण हिंडते-फिरते होते. मुलीला शाळेत सोडणे आणि आणणे हे त्यांचेच काम होते. गळीत हंगामात त्या रस्त्यावरून उसाची वाहने जात, आणि दोघांचा एक ठरलेला खेळ असे: समोरून येणाऱ्या गाडीत किती टन ऊस असेल याचा अंदाज करायचा. बैलगाडी असेल तर दोन-अडीच टन, ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतील तर पंधरा-वीस टन, असे ती मोठ्या माणसासारखे सांगत असे. रात्री ती आजोबांच्याच कॉटवर झोपे. आजी त्याच खोलीत पलीकडे झोपत असत.

डिसेंबरमधल्या एका पहाटे आजोबा झोपेत वारले. मुलगी त्यांच्या शेजारीच होती. आजींच्या हाकेने घर जागे झाले, कोणीतरी मुलीला गोधडीसकट उचलून शेजारच्या घरी नेले आणि अंत्ययात्रा निघण्यापूर्वीच मामा तिला आपल्या गावी घेऊन गेला. दहावा, तेरावा आणि त्यापुढचा आठवडा ती तिकडेच राहिली. तिने विचारले तेव्हा मामीने सांगितले की आजोबा देवाघरी गेले, चांगली माणसे देवाला आवडतात. ती परतली तेव्हा कॉट माळ्यावर गेली होती, कपडे वाटून झाले होते, भिंतीवर हार घातलेला फोटो होता आणि वडिलांच्या डोक्यावर केस नव्हते. भेटायला येणारा प्रत्येक जण आजींना एकच गोष्ट सांगून धीर देत होता: "झोपेतच गेले, पुण्यवान माणूस, कोणाला त्रास दिला नाही." हे बोलणे त्या मुलीच्या कानावर किती वेळा पडले असेल, याचा हिशेब त्या दिवसांत कोणीही केला नाही.

समस्या

जानेवारीत पोटदुखी सुरू झाली. सकाळी दप्तर भरण्याच्या वेळेस बेंबीभोवती दुखे, शाळेची घंटा होऊन गेली की दुपारपर्यंत कमी होई. आठवड्यातून एक दिवसाची गैरहजेरी महिनाअखेरीस तीन दिवसांवर गेली. जेव्हा ती शाळेत येई तेव्हा बाकावर डोके ठेवून झोपे, आणि एकदा तिला त्याबद्दल तासभर उभे करण्यात आले. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला मनाई करते, ही आठवण वर्गशिक्षिकांना करून द्यावी लागली. त्यांनी ती मनावर घेतली आणि पुढच्या साऱ्या प्रवासात त्यांचीच सर्वांत जास्त मदत झाली.

घरात या दुखण्याचे अर्थ निरनिराळे लावले जात होते. वडिलांच्या मते हे शाळा चुकवण्याचे निमित्त होते. आजींनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. आईने आधी जंतांचे औषध दिले आणि मग बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी तपासणी केली, लघवीची चाचणी आणि सोनोग्राफी करवली. सोनोग्राफीत पोटात लहान गाठी असल्याचे लिहून आल्यावर घर हादरले. या वयाच्या मुलांत अशा बारीक गाठी सर्रास दिसतात आणि मुलीचे वजन टिकून आहे, ताप नाही, उलट्या नाहीत, शौचातून रक्त नाही, दुखण्याने ती झोपेतून उठत नाही, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही, असे डॉक्टरांनी समजावले. हा तपास आवश्यकच होता. शारीरिक कारण नाही याची खात्री झाल्याशिवाय मुलाच्या पोटदुखीला मनाशी जोडू नये, असे माझे ठाम मत आहे. तितकेच ठामपणे हेही सांगायला हवे की तपासण्या ठीक आल्या म्हणून ती वेदना खोटी ठरत नाही. भीतीने आतडी आवळली जातात आणि दुखते ते खरेच दुखते.

फेब्रुवारीच्या शेवटी शाळेने मला या मुलीला भेटायला सांगितले. पहिल्या दोन भेटींत मी तिला शाळेविषयीच विचारत राहिले: कोणी चिडवते का, गणित अवघड जाते का, कोणत्या तासाला भीती वाटते. ती सभ्यपणे 'नाही' म्हणत राहिली. आजोबा वारल्याचे मला माहीत होते, पण दोन महिने उलटून गेल्यामुळे मी ती गोष्ट पार्श्वभूमीत टाकली होती. ही माझी चूक होती. ती लक्षात आली ती आईच्या एका सहज वाक्याने. मुलीच्या झोपेविषयी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "झोपते कुठली! रात्रीतून पाच-सहा वेळा उठते आणि माझ्या नाकापुढे हात धरून बसते."

आई श्वास घेते आहे की नाही, हे ती तपासत होती. दिवसा शाळेत गेले तर हे तपासता येत नाही, म्हणून सकाळी पोटात दुखत होते. झोपेत माणसे जातात, चांगली माणसे देवाला आवडतात आणि आई तर चांगली आहे: मोठ्यांनी तिला सावरण्यासाठी वापरलेली वाक्ये जुळवून तिने काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच होता.

विचारात घेतलेले पर्याय

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आई, वडील, आजी आणि मी असे चौघे बसलो. वडिलांचे म्हणणे होते की थोडे कठोर व्हावे, उचलून शाळेत न्यावे, आठ दिवसांत सवय होईल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. शाळा टाळली की त्या क्षणी मिळणारा दिलासा पुढच्या दिवशीची भीती वाढवतो, त्यामुळे घरी राहण्याचे दिवस वाढू देणे खरोखरच धोक्याचे होते. पण भीतीचे मूळ घरात असताना नुसते शाळेत नेऊन बसवणे म्हणजे तिला पहाऱ्यावरून ओढून काढण्यासारखे झाले असते. आजींना वाटत होते की परीक्षेपर्यंत काही बोलू नये, सुट्टीत मामाकडे पाठवावे, मूल विसरते. हा पर्याय मला सर्वांत जास्त चिंताजनक वाटला, कारण डिसेंबरमध्ये नेमके हेच केले होते.

जिल्ह्याच्या ठिकाणी बालमनोविकारतज्ज्ञांकडे ताबडतोब न्यावे का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला विकार म्हणण्यासाठी किमान ६ महिन्यांचा काळ धरला आहे. येथे तीनच महिने झाले होते. मुलगी जेवत होती, मैत्रिणींशी खेळत होती, जगणे नको असे काही बोलत नव्हती. म्हणून आधी घरात काम करायचे ठरले, मात्र अटींसह: चार आठवड्यांत झोप किंवा हजेरी सुधारली नाही, खाणे कमी झाले, किंवा 'मलाही आजोबांकडे जायचे आहे' अशा अर्थाचे काही ती बोलली, तर त्याच आठवड्यात तज्ज्ञांकडे जायचे. वडील बाहेरगावी असताना रात्री घाबरायला झाले तर फोन करता यावा म्हणून केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आईने शिलाई मशीनवर चिकटवला. त्याची गरज पडली नाही. तरी तो तिथे असल्याने आपण शांत राहू शकलो, असे त्या नंतर म्हणाल्या.

घरात झालेले बोलणे

मुलीला खरे सांगायचे हे ठरल्यावर कोणी आणि कोणत्या शब्दांत, हे दोन प्रश्न उरले. मी वडिलांचे नाव सुचवले होते. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले की त्यांना ते जमणार नाही. आपले वडील, म्हणजे आजोबा, गेल्यानंतर ते कोणाशीच त्याविषयी बोलले नव्हते, हे त्या क्षणी आम्हा सर्वांना कळले. थोड्या वेळाने आजी म्हणाल्या, "मी सांगते. माझंच माणूस होतं."

शब्दांचा प्रश्न अधिक अवघड होता. मराठीत मृत्यूसाठी आपण जे शब्द योजतो त्यांतील बहुतेक प्रवासाचे आहेत: गेले, देवाघरी गेले, कैलासवासी झाले. मोठ्या माणसाला त्यामागचे कळते. मुलाच्या लेखी जो जातो तो परतू शकतो, किंवा आणखी कोणालाही नेऊ शकतो. हंगेरीतील मारिया नागी यांनी ३ ते १० वर्षे वयाच्या ३७८ मुलांच्या मृत्यूविषयीच्या कल्पनांचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात अगदी लहान मुले मृत्यूला दूर जाणे किंवा झोप समजतात, आणि नऊ-दहाच्या सुमारास तो अटळ व कायमचा असल्याची जाण येते, असे त्यांना आढळले. पुढच्या संशोधनाने ही जाण अनेकदा बरीच आधी येते असे दाखवले आहे. आमची मुलगी त्या उंबरठ्यावर होती: आजोबा परत येणार नाहीत हे तिला कळत होते, पण ते का वारले याचे एकच कारण तिच्या हाती होते आणि ते चुकीचे होते.

'मेले' हा शब्द आजींच्या तोंडून येणे शक्य नव्हते आणि मी तसा आग्रहही धरला नाही. त्यांनी 'वारले' हा शब्द निवडला आणि त्याचा अर्थ उलगडून सांगायचे कबूल केले. एका रविवारी दुपारी, वडील घरी असताना, त्यांनी मुलीला मांडीशी घेऊन सांगितले ते त्यांच्याच शब्दांत असे होते: "तुझे आजोबा वारले. वारले म्हणजे त्यांचं हृदय बंद पडलं. त्यांना आता दुखत नाही, भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, आणि ते परत येणार नाहीत. त्यांचं हृदय लई वर्षं आजारी होतं, म्हणून गोळ्या होत्या. झोपले म्हणून नाही वारले. हृदय बंद पडलं तेव्हा ते झोपलेले होते, एवढंच."

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने जो प्रश्न येणारच असे आम्ही धरून चाललो होतो तो विचारला: आई पण वारणार का? यावर 'मी तुला सोडून कधीच जाणार नाही' असे म्हणू नये, असे आईशी आधीच बोलणे झाले होते, कारण जे वचन पाळणे कोणाच्याच हाती नाही ते मुलाला फार काळ पुरत नाही. आईने सांगितले की सगळी माणसे कधीतरी वारतात, बहुतेक जण खूप म्हातारे झाल्यावर. तिची प्रकृती चांगली आहे आणि आपण पुष्कळ वर्षे सोबत असू असे तिला वाटते. आणि कधी काही झालेच तर बाबा, आजी, मामा तिच्याजवळ असतील. त्या दिवशी आई मुलीसमोर रडली. तोवर ती न्हाणीघरात जाऊन रडत असे आणि मुलीला वाटत असे की आई आपल्यावर रागावून आत जाते.

रात्र आणि शाळा

सांगितले म्हणून हात नाकापुढे धरणे लगेच थांबले नाही. पहिले काही दिवस आई प्रत्येक वेळी जागी होऊन 'मी आहे' म्हणे आणि त्यामुळे तपासणे उलट वाढत गेले. प्रत्येक उत्तराने क्षणभर बरे वाटे आणि पुन्हा विचारावेसे वाटे. म्हणून मायलेकींनी मिळून ठरवले की झोपताना एकदाच तपासायचे, नीट, सावकाश, आईच्या छातीवर हात ठेवून, आणि मग रात्री जाग आली तर आईचा पदर हातात धरून पडून राहायचे, उठवायचे नाही. पहिल्या तीन रात्री दोघींचीही झोप झाली नाही. दुसऱ्या आठवड्यात जाग येणे दोनदा-तीनदावर आले. या वयात रात्री ९ ते १२ तास झोप लागते. तिला जेमतेम सहा तास मिळत होती, तेव्हा वर्गात झोपण्यात नवल काहीच नव्हते.

दृष्ट काढणे आम्ही थांबवले नाही. संध्याकाळी आजी समोर बसवून, नाव घेऊन, आपल्यासाठी काहीतरी करते आहे, यात त्या मुलीला जवळीक मिळत होती, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याच्या ते आड येत नव्हते.

शाळेची सुरुवात मधल्या सुट्टीपर्यंतच्या हजेरीने झाली. पोटात दुखले तर वर्गशिक्षिकांच्या शेजारी पंधरा मिनिटे बसायचे, पाणी प्यायचे, आणि मग बाकावर परत जायचे असे ठरले. घरी फोन करायचा नाही, पण 'नाटक करू नकोस' असेही म्हणायचे नाही. घरी राहावेच लागले तर अंथरुणात विश्रांती घ्यायची, दूरदर्शन आणि मोबाइल बंद. अवघड ठरला तो रस्ता. मार्चमध्ये हंगाम संपत आला होता तरी उसाच्या शेवटच्या गाड्या जात होत्या, आणि ट्रॅक्टरचा आवाज आला की ती थांबे. वडिलांनी वरिष्ठांना विनंती करून दोन आठवडे मुक्कामाची ड्युटी बदलून घेतली आणि स्वतः तिला सोडू लागले. सुरुवातीला दोघेही न बोलता चालत. एके दिवशी तिने विचारले, "बाबा, हा किती टन असेल?" वडिलांना अंदाज नव्हता. ते म्हणाले, "आजोबांना कळायचं, मला नाही कळत. तू सांग." त्यांनी मला हे सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा रडले.

तिने उशिरा सांगितलेली गोष्ट

मार्चच्या शेवटी झोप आणि हजेरी दोन्ही सुधारली होती, आणि काम जवळजवळ झाले असे मला वाटू लागले होते. तेव्हा एका संध्याकाळी आजींसोबत वाती वळताना मुलगी म्हणाली की त्या रात्री आजोबा फार जोरात घोरत होते, तिने त्यांना ढकलले, 'घोरू नका' म्हणाली आणि कानावर गोधडी ओढून झोपली. "मी उठवलं असतं तर?"

आजी दचकल्या आणि मायेपोटी म्हणाल्या, "काहीतरीच काय बोलतेस, असलं मनात आणायचं नाही." मुलगी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा दुखले.

हा या प्रकरणातील सर्वांत नाजूक वळणबिंदू होता. तीन महिने तिने हे एकटीने वाहिले होते, आणि बोलून दाखवल्यावर दार पुन्हा बंद झाले होते. आजींनी मला फोन केला तेव्हा त्यांना आपली चूक उमगलेली होती, फक्त ती दुरुस्त कशी करावी हे कळत नव्हते. 'तू उठवलं असतंस तरी काही झालं नसतं' असे सांगावे का, असे त्यांनी विचारले. ते खात्रीने कोणालाच माहीत नाही, म्हणून तसे सांगू नये असे मी सुचवले. खरे होते तेवढेच सांगायचे ठरले. दुसऱ्या संध्याकाळी आजी पुन्हा वाती घेऊन बसल्या आणि स्वतःहून म्हणाल्या, "काल तू सांगितलंस ते मी नीट ऐकलं नाही. आज सांग." सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी सांगितले की त्याही त्याच खोलीत होत्या, त्यांनीही घोरणे ऐकले होते, त्यांनाही काही वेगळे वाटले नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचे दुखणे ओळखणे हे नऊ वर्षांच्या पोरीचे काम नव्हे. मग त्या म्हणाल्या, "मलाही वाटतं गं, मी उठले असते तर." एवढ्या वाक्याने जे झाले ते माझ्या कोणत्याही सत्रात झाले नसते. तो अपराधभाव एकटीचा राहिला नाही.

काय वेगळे करता आले असते

तिला मामाकडे पाठवण्याचा निर्णय प्रेमाने घेतला होता. तरी ती घरीच, एखाद्या विश्वासू माणसाच्या सोबतीने राहिली असती, तिला आजोबांना शेवटचे पाहायचे आहे का हे विचारले असते आणि काय दिसेल हे आधी सांगितले असते, तर कॉट आणि कपडे नाहीसे झालेल्या घरात तिला एकदम यावे लागले नसते. आजोबांची काठी तेवढी उरली होती. ती आता तिच्या अभ्यासाच्या कोपऱ्यात आहे. निदान एक वस्तू तिला निवडू द्यायला हवी होती.

माझ्या बाजूने, पहिल्याच भेटीत 'आजोबा कसे वारले आणि तुला त्याबद्दल काय सांगितलं' एवढे विचारले असते तर तीन आठवडे वाचले असते. आजींना सांगण्याची तयारी करून देताना मुलीच्या प्रश्नांची उत्तरे आम्ही घोकली, पण तिच्या कबुलीची शक्यता धरली नाही. मृत्यूच्या वेळी जवळ असलेल्या मुलाच्या मनात 'माझ्यामुळे झाले का' हा प्रश्न असू शकतो हे मला ठाऊक होते. ते आजींना आधी सांगणे माझे काम होते. आणि वडिलांचा शोक आम्ही फार उशिरा पाहिला. मुलीला शाळेत ओढून नेण्याचा त्यांचा आग्रह त्या शोकातूनच येत होता, असे आता वाटते.

परिणाम

एप्रिलची परीक्षा तिने पूर्ण दिली. जूनमध्ये पाचवी नियमित सुरू झाली, आणि ती आईच्या खोलीतच पण स्वतःच्या अंथरुणावर झोपू लागली. तज्ज्ञांकडे जावे लागले नाही, तरी पुढील वर्षभर दर दोन महिन्यांनी एक भेट ठेवली.

नोव्हेंबरमध्ये कारखान्याचा भोंगा वाजला, उसाच्या गाड्या सुरू झाल्या आणि त्याच आठवड्यात पोटदुखी परतली. या वेळी आईने डॉक्टरांच्या आधी कॅलेंडरकडे पाहिले. वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर होते. तिला तेव्हा पुन्हा मामाकडे ठेवावे का, असे काकांनी विचारले. आजींनी नाही म्हटले आणि मुलीलाच विचारले. तिने घरी राहायचे ठरवले, दर्भ आणि तीळ मांडून ठेवले, पान वाढायला मदत केली, आणि कावळा येईपर्यंत वडिलांसोबत गच्चीवर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. वाटेत दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गेला. तिने अठरा टन सांगितले आणि वडिलांनी, वर्षभरात थोडेफार शिकल्यामुळे, सतरा.